खरेदी की परवाना? मराठी ई-पुस्तकांच्या विक्रीचा एक दुर्लक्षित पैलू

१.

'पुस्तक विकत घेणे' ह्या एका क्रियेत मराठी वाचकाने आजवर अनेक क्रिया गृहीत धरल्या आहेत. विकत घेतलेले पुस्तक वाचता येते, वाचून झाल्यावर मित्राला देता येते, त्याच्या समासात टिपणे करता येतात, पहिल्या पानावर नाव घालून ते वर्षानुवर्षे कपाटात ठेवता येते, अडचणीच्या वेळी जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येते, आणि घेणाऱ्याच्या पश्चात ते वारसांकडे किंवा एखाद्या ग्रंथालयाकडे जाते. ह्यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी प्रकाशकाची अनुमती घ्यावी लागत नाही. पैसे दिले, पुस्तक हाती आले, व्यवहार संपला, अशी ह्या खरेदीची सरळ कल्पना आहे. मराठी साहित्याचे संशोधनही ह्याच कल्पनेवर उभे राहिलेले आहे. कोणत्याही जुन्या ग्रंथालयातील दुर्मीळ विभाग पाहिला, तर त्यातील कितीतरी पुस्तकांवर प्रथम कोणातरी खाजगी वाचकाचे नाव आढळते. एका व्यक्तीने विकत घेतलेली प्रत पुढे अनेकांच्या अभ्यासाचे साधन व्हावी, ह्यात आजवर कोणाला काही विशेष वाटले नाही.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठी पुस्तक महाजालावरील दुकानांतून विकले जाऊ लागले. छापील पुस्तक टपालाने किंवा कुरिअरने घरी येते, तोवर ह्या व्यवहाराच्या स्वरूपात मूलभूत फरक पडत नाही. दुकान तेवढे दूर गेले, एवढेच. परंतु त्याच दुकानात, त्याच मुखपृष्ठाच्या चित्राखाली, 'ई-पुस्तक' असा दुसरा पर्याय दिलेला असतो. वाचक तो निवडतो, 'कार्ट'मध्ये टाकतो, पैसे भरतो आणि काही क्षणांत पुस्तक त्याच्या भ्रमणध्वनीवर उतरते. कार्ट तीच, पैसे भरण्याची रीत तीच आणि 'खरेदी करा' हे शब्दही तेच. ह्या सारखेपणामुळे दोन्ही व्यवहार एकाच जातीचे आहेत, असा समज होतो. हा समज बरोबर नाही, आणि तो दूर न झाल्यास त्याची किंमत मराठीच्या अभ्यासकाला मोजावी लागेल, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२.

ह्या नव्या विक्रीचे लाभ प्रथम मान्य केले पाहिजेत. मराठी प्रकाशनव्यवसाय प्रामुख्याने पुणे आणि मुंबई येथे केंद्रित झालेला आहे. नागपूरसारख्या शहरात सीताबर्डीवर किंवा महालात पुस्तकांची दुकाने आहेत. परंतु गडचिरोली, भंडारा किंवा यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला नुकतीच प्रकाशित झालेली कादंबरी सहज मिळेल, अशी परिस्थिती कधीच नव्हती. पुस्तक-प्रदर्शन येईपर्यंत वाट पाहणे किंवा नागपूरला जाणाऱ्या कोणाला तरी सांगणे, हेच मार्ग होते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची अडचण ह्याहून मोठी होती. डिजिटल पुस्तकाने अंतराचा हा प्रश्न एका फटक्यात सोडवला.

त्यासाठीची तांत्रिक पूर्वतयारी बरीच आधीची आहे. युनिकोड ह्या जागतिक संकेतप्रणालीच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला होता. असे असले तरी मराठी छपाईचे जग नंतरही दीर्घकाळ 'श्रीलिपी', 'आकृती' यांसारख्या प्रणालींच्या स्वतंत्र टंकांवर चालत राहिले. पुण्याच्या 'बुकगंगा'ने छापील पुस्तकांबरोबर मराठी ई-पुस्तकांची विक्री सुरू केली. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या किंडल ह्या वाचनव्यवस्थेत मराठीसह पाच भारतीय भाषांना स्थान दिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टोरीटेल' ह्या स्वीडिश संस्थेने भारतात ऐकण्याच्या पुस्तकांची सेवा आणली, तेव्हा हिंदी आणि इंग्रजीसह मराठीचा तीत प्रथमपासून समावेश होता. दुसरीकडे ई-साहित्य प्रतिष्ठानसारखे उपक्रम ई-पुस्तके विनामूल्य देत आले, आणि मराठी विश्वकोशाचे खंडही संकेतस्थळावर खुले झाले. विकाऊ आणि विनामूल्य असे दोन्ही प्रवाह अशा रीतीने शेजारी शेजारी वाहत आहेत.

छोट्या रकमा भरणे सोपे झाल्यामुळेही ह्या विक्रीला बळ मिळाले. २०१६ पासून 'यूपीआय'मुळे पन्नास-साठ रुपयांचे पुस्तक घेण्यासाठी बँकेच्या कार्डाची गरज उरली नाही. दीर्घकथा, एकांकिका, काव्यसंग्रह, प्रादेशिक इतिहासाच्या पुस्तिका इत्यादी ज्या लहान पुस्तकांचा छपाई आणि वितरणाचा खर्च विक्रीतून निघत नाही, त्यांना डिजिटल रूपात नवे आयुष्य मिळण्याची शक्यता येथे आहे. प्रताधिकाराच्या मुदतीचा विचार केला म्हणजे ह्या शक्यतेचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो. ग. त्र्यं. माडखोलकर १९७६ साली वारले. त्यांचे लेखन २०३६ च्या अखेरीपर्यंत प्रताधिकाराखाली राहील. पु. य. देशपांडे १९८६ साली वारले; त्यांच्याबाबत हीच मुदत २०४६ पर्यंत जाते. नागपूरच्या वाङ्मयीन जीवनाशी निगडित असलेल्या अशा लेखकांची पुस्तके पुनर्मुद्रित करण्याचे धाडस प्रत्येक वेळी प्रकाशकाने करावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. मात्र त्यांच्या वारसांच्या संमतीने डिजिटल आवृत्ती विक्रीस ठेवण्यासाठी पाचशे किंवा हजार प्रतींचा खप गृहीत धरावा लागत नाही. तेव्हा डिजिटल विक्रीला विरोध करणे हा अभ्यासकाचा मार्ग असू शकत नाही. प्रश्न विक्रीचा नाही. विक्रीत नेमके काय दिले जाते, ह्याचा आहे.

३.

छापील पुस्तकाबाबत कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १४ मध्ये १९९४ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार साहित्यकृतीच्या प्रती जनतेसाठी प्रसृत करण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा असला, तरी आधीच प्रसृत झालेल्या प्रती त्यातून वगळलेल्या आहेत. आणि एकदा विकली गेलेली प्रत ही प्रसृत झालेली प्रत समजावी, असे स्पष्टीकरणही तेथेच दिलेले आहे. जुन्या पुस्तकांचे दुकान, फिरते वाचनालय आणि मित्राला दिलेले पुस्तक ह्या साऱ्यांना ह्या तरतुदीचा आधार आहे.

ई-पुस्तकाच्या बाबतीत मोठी दुकाने प्रत विकत असल्याचे सांगतच नाहीत. त्यांच्या नियमावलीत, जी पैसे भरण्यापूर्वी सहसा कोणी वाचत नाही, वाचकाला केवळ वाचनाचा परवाना दिला जातो. हा परवाना हस्तांतरित करता येत नाही, दुसऱ्यास उसना देता येत नाही आणि ठरावीक परिस्थितीत तो काढूनही घेतला जाऊ शकतो. आपल्या करव्यवस्थेनेही वेगळ्या मार्गाने हाच भेद केलेला आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा छापील पुस्तक करमुक्त राहिले आणि ई-पुस्तकावर मात्र १८ टक्के कर बसला. ज्या ई-पुस्तकाची छापील आवृत्ती उपलब्ध आहे त्यावरील कर जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणण्यात आला. दराच्या फरकापेक्षा त्यामागील वर्गीकरण लक्षणीय आहे. छापील पुस्तक ही 'वस्तू' आणि ई-पुस्तक ही 'सेवा' मानली गेली. वाचकाला वाटते की त्याने वस्तू घेतली. पावती मात्र सेवेची असते.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे जगातील अनुभवाने सिद्ध केले आहे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ह्या पुस्तकांच्या काही प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. त्या आवृत्त्या विकण्याचा अधिकार संबंधित विक्रेत्याला नव्हता, हे कारण खरे होते आणि पैसेही परत करण्यात आले. परंतु छापील पुस्तकाच्या बाबतीत दुकानदार रात्री वाचकाच्या घरात शिरून कपाटातील प्रत नेऊ शकत नाही. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तेथे घेतलेली सर्व पुस्तके वाचकांच्या हातून गेली. पैसे परत मिळाले, पुस्तके मिळाली नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून घेण्याची जुनी सोय बंद केली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये टॉम कॅबिनेट प्रकरणात असा निर्णय दिला की, वापरलेले ई-पुस्तक पुन्हा विकण्यास प्रताधिकारधारकाची अनुमती आवश्यक आहे. म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानाला डिजिटल जगात तेथे स्थान उरले नाही.

ह्या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेला कायदा विचारात घेण्यासारखा आहे. डिजिटल वस्तूचा केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्याने तसे ठळकपणे सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरू नये, असे हा कायदा म्हणतो. मात्र जी वस्तू ग्राहकाला कायमची उतरवून घेता येते आणि जी विक्रेता नंतर परत घेऊ शकत नाही, तिला ह्या बंधनातून सूट आहे. हा भेद नेमका आहे. कायमची हाती येणारी फाईल ही खरेदी होय. विक्रेत्याच्या मर्जीवर उघडणारे पान हा परवाना होय. दोन्ही व्यवहार वैध असू शकतात, परंतु दोहोंना एकच नाव देणे ही वाचकाची दिशाभूल आहे.

४.

मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने ह्यातून उद्भवणारे प्रश्न तीन प्रकारचे आहेत.

पहिला प्रश्न प्रतीच्या प्रसाराचा. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याची आर्थिक स्थिती लक्षात घेतली, तर तो अभ्यासासाठी लागणारी सर्व पुस्तके विकत घेईल, हे संभवत नाही. एक प्रत विभागाच्या ग्रंथालयात, एक प्राध्यापकांकडे आणि एक आधीच्या तुकडीतील विद्यार्थ्याकडून उसनी, अशा रीतीने एखादे पुस्तक वर्गभर वाचले जाते. एखादे पुस्तक पुढे केवळ डिजिटल रूपात आणि तेही एका व्यक्तीच्या खात्याशी जखडून विकले गेले, तर ही साखळी तुटते. ग्रंथालयाने कोणाच्या खात्यावर ते घ्यावे, आणि ते खाते उघडणारा ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर काय करावे, ह्याचे समाधानकारक उत्तर सर्वसामान्य दुकानापाशी नाही. ह्याबाबतीत युरोपचा अनुभव आशादायक आहे. तेथील न्यायालयाने २०१६ साली नेदरलँड्समधील ग्रंथालयांच्या प्रकरणात असे मान्य केले की, एका वेळी एकच वाचक अशी अट पाळून ग्रंथालयाने ई-पुस्तक उसने देणे हे छापील पुस्तक देण्यासारखेच आहे. आपल्याकडे प्रताधिकार अधिनियमातील २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळील छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी साठवण्याची मुभा दिली. परंतु जे पुस्तक मुळातच डिजिटल रूपात आले, त्याचा ह्या तरतुदीत विचार नाही.

दुसरा प्रश्न संहितेचा. पाठचिकित्सेचे महत्त्व मराठीच्या अभ्यासकाला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती हाती असलेल्या वेगवेगळ्या प्रतींतील पाठभेद ताडून पाहूनच. भिन्न प्रती एकाच वेळी अस्तित्वात असणे, ही पाठचिकित्सेची पहिली अट आहे. दूरस्थ दुकानातून वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात प्रकाशक दुरुस्ती करतो, तेव्हा नवी संहिता जुन्या संहितेची जागा घेऊ शकते. मुद्रणदोष दुरुस्त झाला तर त्याचे स्वागतच आहे; परंतु एखादा परिच्छेद वगळला, प्रस्तावना बदलली, एखाद्या व्यक्तीचा उल्लेख सौम्य केला, तर तसे झाल्याचा पुरावा अभ्यासकाकडे उरत नाही. जुनी फाईल स्वतःजवळ असलेला वाचकच असा बदल दाखवू शकतो. संदर्भ देण्याची अडचणही ह्याच्याशी निगडित आहे. अक्षराचा आकार बदलताच पाने बदलणाऱ्या ई-पुस्तकात पृष्ठक्रमांक स्थिर नसतो. आवृत्तीची नोंद नाही आणि पृष्ठक्रमांक नाही, अशा पुस्तकातील अवतरण प्रबंधात कसे द्यावे, हा प्रश्न मार्गदर्शकांपुढे आजच उभा आहे. ह्याला जोडून टंकांची अडचण येते. जुन्या टंकांत जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार, जोडाक्षरे आणि अर्धा र ह्यांत दोष शिरतात. कित्येकदा प्रकाशक ते टाळण्यासाठी पानांची केवळ छायाचित्रे विकतो, आणि मग डिजिटल पुस्तकाचा जो मोठा लाभ, म्हणजे हवा तो शब्द शोधणे, तोच नाहीसा होतो.

तिसरा प्रश्न नोंदीचा. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'मुळे १८०० ते १९५० ह्या काळातील मराठी ग्रंथव्यवहाराचा आढावा घेता येतो. अशा सूचीकार्याला ग्रंथालयांतील प्रत्यक्ष प्रतींचा आणि १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्याखाली निघणाऱ्या याद्यांचा आधार असतो. तो जुना कायदा रद्द करून आणलेला २०२३ चा अधिनियम मार्च २०२४ पासून अमलात आला आणि तो नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्याच्या कक्षेत नाहीत. राष्ट्रीय ग्रंथालयाला व अन्य ठरावीक ग्रंथालयांना प्रत देण्याचे बंधन घालणारा १९५४ चा कायदाही छापील ग्रंथ डोळ्यांसमोर ठेवून रचलेला आहे. अशा स्थितीत केवळ कार्टमधून विकले गेलेले आणि दुकान बंद झाल्यावर अदृश्य झालेले मराठी पुस्तक कोणत्या सूचीत सापडणार? पन्नास वर्षांनी ह्या काळातील साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याचे अस्तित्वही कळणार नाही.

५.

विदर्भातील अभ्यासकाला ह्या संदर्भात महानुभाव वाङ्मयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पंथीयांनी आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी ग्रंथाला कुलूप लावले होते. शतकानुशतके हे वाङ्मय पंथाबाहेरील अभ्यासकांना अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ह्या लिपीचा उलगडा केला आणि पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते प्रभृती नागपूरच्या संशोधकांनी ह्या वाङ्मयाच्या संपादनाचे मोठे कार्य केले. हे शक्य झाले त्याचे एक साधे कारण आहे: लिपी सांकेतिक असली तरी पोथी प्रत्यक्ष अस्तित्वात होती. ती मठांत आणि घरांत, एकाहून अधिक ठिकाणी होती. आज उलगडा न झालेली लिपी उद्या उलगडू शकते. परंतु हाती न आलेल्या पोथीचा उलगडा कोणीही करू शकत नाही. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली आणि पुढे ते स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध करावे लागले, असे परंपरा सांगते. एकाच जागी असलेल्या प्रतीचे काय होऊ शकते, ह्याचे हे मराठीच्या आरंभकाळातीलच उदाहरण होय.

आजच्या डिजिटल कुलपाचे वैशिष्ट्य असे की, कुलूप, किल्ली आणि पोथी ही तिन्ही विक्रेत्याकडे राहतात; वाचकाच्या हाती राहते ती केवळ पाहण्याची संधी. शिवाय प्रताधिकार अधिनियमात २०१२ साली समाविष्ट झालेल्या कलम ६५-क नुसार, प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. कायद्याने मनाई नसलेल्या हेतूंसाठी त्यात अपवाद आहेत, हे खरे. तथापि अभ्यासकाने संशोधनासाठी प्रत्येक वेळी अशा अपवादाचा आधार शोधत बसावे, ही स्थिती इष्ट म्हणता येणार नाही.

६.

प्रकाशकांची बाजू ह्या ठिकाणी ऐकून घेतली पाहिजे. नव्या मराठी पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरू लागली की, खपाचे आधीच लहान असलेले गणित पुरते कोसळते. मराठी लेखकाला मिळणारे मानधन मुळातच अल्प. त्यातही अशी चोरी करणाऱ्यांत सुशिक्षित वर्ग, प्रसंगी अध्यापक आणि विद्यार्थीही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रकाशकाने कुलूप मागावे, ह्यामागे लोभापेक्षा भीती अधिक आहे.

परंतु कुलपाने ही भीती दूर होते काय? फिरणाऱ्या बहुतेक पीडीएफ फाईली छापील पुस्तक स्कॅन करूनही तयार करता येतात. कुलूप लावल्याने चोरी करणारा थांबत नाही. ज्याने पैसे मोजले त्यालाच ते अडवते. संगीताच्या व्यवसायाने हा धडा आधीच घेतला. २००९ साली ॲपलने आपल्या आयट्यून्स दुकानातील गाण्यांवरील कुलूप काढून टाकले. २०१२ साली इंग्रजीतील टॉर ह्या प्रकाशनसंस्थेने आपली सर्व ई-पुस्तके कुलपाविना विकण्यास आरंभ केला. त्याच वर्षी हॅरी पॉटरची ई-पुस्तके घेणाऱ्याची ओळख फाईलमध्ये अदृश्यपणे कोरून विकली जाऊ लागली. फाईल चोरीने पसरली तर ती कोणाकडून पसरली हे कळावे, एवढाच त्यामागील हेतू. किंडलवरही कुलूप लावावे की लावू नये, हे ठरवण्याचा पर्याय प्रकाशकाला दिलेला आहे. म्हणजे हा निर्णय सर्वस्वी दूरच्या कंपनीचा नाही. पुण्यातील, मुंबईतील किंवा नागपुरातील मराठी प्रकाशकही त्यात सहभागी आहे. ही बाब बऱ्याचदा नजरेआड होते.

विक्रीच्या दुसऱ्या एका रीतीचा दाखला नागपुरातच मिळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ज्या भूमीवर धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने पुस्तकांची असंख्य दुकाने लागतात. दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे तेथून पुस्तके आणि पुस्तिका घेऊन परततात. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक कोणी विचारत नाही. घरी नेलेले पुस्तक वस्तीत वाचले जाते, हातोहात फिरते, आणि एका प्रतीचे दहा वाचक होतात. ह्या प्रसारामुळे पुस्तकांची विक्री घटली, असे म्हणता येणार नाही. उलट वाचकवर्ग वाढला म्हणून दुकाने वाढली. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील प्रताधिकाराची मुदत २०१६ च्या अखेरीस संपली असून ते लेखन डिजिटल रूपात देण्यास आता कोणालाही कायदेशीर अडथळा नाही. हे पुस्तक दीक्षाभूमीवरून हातात नेलेल्या वाचकाचे ज्या अर्थाने होते, त्याच अर्थाने ते कार्टमधून घेणाऱ्याचे व्हावे, ही मागणी अवाजवी कशी ठरेल?

७.

ह्या विवेचनातून काही व्यवहार्य अपेक्षा निघतात. विक्रेत्याने कार्टपाशीच मराठीत स्पष्ट सांगावे की, दिली जाते ती कायमची फाईल आहे की मुदतीचा अथवा रद्द होऊ शकणारा परवाना. परवाना असल्यास त्याची किंमत खरेदीच्या किमतीहून निश्चितपणे कमी असावी. प्रकाशकाने शक्य तेथे कुलपाऐवजी घेणाऱ्याचे नाव कोरलेली फाईल द्यावी. मजकूर युनिकोडमध्ये असावा. आवृत्ती, दुरुस्तीचा दिनांक आणि छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक त्यात नोंदवावेत. ग्रंथालयांसाठी एका वेळी एक वाचक ह्या तत्त्वावर विक्रीची स्वतंत्र सोय असावी. केवळ डिजिटल रूपात निघालेल्या पुस्तकाची एक प्रत प्रकाशकाने स्वेच्छेने तरी एखाद्या विद्यापीठाच्या किंवा साहित्यसंस्थेच्या ग्रंथालयात ठेवावी. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ आणि त्याच वर्षी स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ ह्या दोन संस्था विदर्भातील लेखकांपुरती ही जबाबदारी घेऊ शकतात. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आणि रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. जुन्या पोथ्यांच्या जतनाबरोबरच आजच्या अशा पुस्तकांचे जतन हेही त्या विद्यापीठाचे काम मानले गेले पाहिजे.

अभ्यासकांच्याही काही जबाबदाऱ्या आहेत. विभागाच्या ग्रंथखरेदी समितीने ई-पुस्तक घेताना परवान्याच्या अटी वाचून त्यांची नोंद ठेवावी. प्रबंधात ई-पुस्तकाचा संदर्भ देताना ते कोणत्या दुकानातून आणि कोणत्या दिनांकास घेतले, हे नमूद करण्याची शिस्त मार्गदर्शकांनी लावावी. आणि ज्या वर्गात प्रकाशकांकडून खुल्या फाईलची मागणी केली जाते, त्याच वर्गात चोरीची पीडीएफ वाटली जाऊ नये. प्रकाशकाने वाचकावर विश्वास ठेवावा असे म्हणणाऱ्याने तो विश्वास आधी आपल्या वागणुकीतून मिळवला पाहिजे.

कार्टमधून होणारी विक्री आता थांबणार नाही, आणि ती थांबावी असेही नाही. मराठीच्या अभ्यासाला लागणारे बहुतांश नवे साहित्य पुढील काळात ह्याच मार्गाने येण्याचा संभव आहे. ते येताना ग्रंथाची प्रत म्हणून येते की दर्शनाची मुभा म्हणून येते, हे ठरण्याची वेळ आजची आहे. कारण दुकानांच्या अटी एकदा रूढ झाल्या की, त्याच व्यवहाराच्या नैसर्गिक रीती वाटू लागतात. ज्या पुस्तकाचे पूर्ण मोल दिले गेले, ते वाचकाच्या कपाटात आणि ग्रंथालयाच्या फळीवर राहिले पाहिजे, मग ते कपाट लाकडाचे असो की संगणकातले.